दोनशे चौदा नंबरचा फोटो

सिंगापूरच्या हौगांगला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारे चिनी फोटोग्राफर राहतात. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना अंकल म्हणते. अफगाणिस्तानातल्या लढाईच्या काळात काढलेले त्यांचे फोटो पलंगाखाली बिस्किटांच्या डब्यांत पडून होते. स्मरणशक्ती आता हळूहळू जाणार, असं नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. "त्याआधी प्रत्येक चेहऱ्याखाली नाव लिहायचंय," ते म्हणाले, आणि मी लगेच हो म्हटलं. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात दिवसभर डेटाच तर लावते मी. नसता हुरूप माझ्यात पहिल्यापासून आहे.

रविवारी दुपारी आम्ही बसायचो. पंखा संथ फिरायचा आणि टेबलभर बर्फ पसरलेला असायचा: डोंगरांवरचा, ट्रकच्या टपांवरचा, माणसांच्या टोप्यांवरचा. बघता बघता डोळे जड व्हायचे. त्या उकाड्यात बोटांना खरंच गार वाटायचं.

प्रत्येक फोटोच्या पाकिटात आणखी काहीतरी असायचं. बसचं तिकीट, चहाच्या पुड्याचा कागद, औषधाची चिठ्ठी. नाव मात्र कुठेच नाही. झडतीत नाव सापडलं तर त्या माणसाचं काही खरं नसायचं, म्हणून त्याने दिलेली वस्तूच अंकल खूण म्हणून ठेवायचे. पहिल्या रविवारी एकेक पाकीट उघडत ते बोलत होते आणि मी मान डोलावत लॅपटॉपवर फोटोंचे नंबर टाकत होते. मग माझ्या शिस्तीने मी फोटो एका फाइलमध्ये लावले, तिकिटं दुसरीत, चिठ्ठ्या तिसरीत. रिकामी पाकिटं फेकूनसुद्धा दिली.

पुढच्या रविवारी नावं लिहायला बसलो. अंकलनी एक फोटो उलटसुलट करून पाहिला. "ह्याच्याबरोबरचं कुठे गेलं?"

मी काय केलं ते सांगितलं.

"नेव्हर माइंड लाह," ते इथल्या लकबीत म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

खिडकीशी फोटो तिरका धरला तेव्हा मला दिसलं, वर्षानुवर्षं कागद टेकला होता तिथे फिकट डाग उमटला होता. तिकिटाचा तिकिटाएवढा, चिठ्ठीचा चिठ्ठीएवढा. कित्येक रविवार आम्ही डागांवर कागद ठेवून पाहत बसलो. कागद चपखल बसला की अंकलचा चेहरा उजळायचा आणि नाव आपसूक ओठांवर यायचं. मी ते पेन्सिलीने लिहून घ्यायची.

शेवटी एकच फोटो उरला, दोनशे चौदा. ट्रकच्या दारात हसत उभा असलेला ड्रायव्हर. त्यावर डाग नव्हता, पण वस्तूही एकच उरली होती, एक वाळलेली तुती. मी ती अंकलच्या तळहातावर ठेवली. त्यांनी हुंगली, फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडे वळून सौम्यपणे विचारलं, "चांगला माणूस दिसतो. कोण आहे?"

पहिल्या रविवारी त्यांनी मला सांगितलं होतं. खूप वेळ सांगत होते, मध्येच चष्मा काढून डोळे पुसले होते, एवढं मला आठवतं. मी तेव्हा दोनशे चौदा टाइप करत होते.