काशिनाथ वालावलकरांची बंद घरं

काशिनाथ वालावलकर, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि मगच आपल्याला खरी अक्कल आली, असं ते स्वतः सांगत. त्यांच्या बायकोचं, लीलाताईंचं मत वेगळं होतं. पण ते विचारतो कोण!

अक्कल ती अशी: मालवणात विकाऊ घर मिळत नाही. मुंबईला गेलेला माणूस कुलूप लावून ठेवेल, पण विकणार नाही. विकायचं म्हटलं तर सातबाऱ्यावर सतरा नावं, एक भाऊ सही देतो तर दुसरा रुसून बसतो. वर पर्यटकांची झुंबड. तेव्हा सुटेल ते घर उचलायचं, कुलूप ठोकायचं आणि भाव चढेपर्यंत गप्प बसायचं. झालं! एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ नाक्यावरच्या हॉटेलात बसून लोकांना गुंतवणूक शिकवायचा. चहा मात्र ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी पाजायचा.

चार घरं झाली, चारही बंद. रविवारी सकाळी भाऊ एकेक दार उघडत, वाळवी बघत आणि पुन्हा कुलूप लावत. सरकारी दवाखान्यात नवीन आलेली नर्स, नम्रता, दोन लहान पोरांना घेऊन भाड्यानं जागा विचारायला आली, तर म्हणाले, "भाडेकरू घातलो की घराचो भाव गेलो." ती बिचारी कुडाळहून एसटीनं ये-जा करत राहिली. लीलाताईंना त्या दिवशी नवऱ्याची अशी शिसारी आली की जेवताना त्यांनी त्याच्या ताटात सुरमईचं शेपूट वाढलं आणि चांगल्या तुकड्या आपण खाल्ल्या.

पाचवं घर गणपत आचरेकराचं. तो कोल्हापुरात नोकरीला. त्याची आई मथुराकाकी थकली, तिला एकटीला इथं ठेवणं जमेना, म्हणून त्यानं घर विकायला काढलं. गोव्याचं एक गिऱ्हाईक मागे लागलं होतं. मथुराकाकीची अट एकच. आचरेकरांचा गणपती पिढ्यान् पिढ्या त्याच माजघरात बसतो, सगळी भावकी तिथंच जमते. घर कोणीही घ्या, पण चवथीचे पाच दिवस माजघर आमचं. गोवेकर म्हणाला, विचार करून सांगतो. भाऊंनी विचारबिचार काही केला नाही. देवासमोरच्या नारळावर हात ठेवला आणि म्हणाले, "काकी, गणपती जसो तुमचो तसो आमचो. मी जिवंत आसंय तवसर तो हयच बसतलो." म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी उभ्या असलेल्या लीलाताईंनाही आपला नवरा घटकाभर बरा माणूस वाटला. होतात अशा चुका माणसाच्या हातून.

वर्षभरात पुण्याचा एक पैसेवाला उगवला. त्याला घर नको, जागा हवी होती. जुनं पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या, आणि कामाला हात चवथीच्या आधी घालायचा. भाऊंनी तोंडाला येईल तो भाव सांगितला आणि त्यानं तो हूं की चूं न करता कबूल केला. त्यानंतर भाऊंचे पाय काही जमिनीला लागेनात.

नागपंचमीला घरोघरचे पाट गणपतीच्या शाळेत जातात आणि मूर्तिकार ज्याच्या त्याच्या पाटावर मूर्ती घडवतो. आचरेकरांचा पाट त्याच घरात ठेवलेला. तो न्यायला गणपत कोल्हापुरातून आला, तर भाऊंनी त्याला घराबाहेर खळ्यातच उभं केलं.

"पाट व्हर. पण शाळेत धाडू नको, कोल्हापुराक घेवन जा. घर आता इकला."

"भाऊ, आवशीक तुमी शब्द दिलो होतो."

"खंयच्या कागदार आसा तो? दाखय."

गणपत भाऊंच्या मागे उभ्या असलेल्या लीलाताईंकडे बघून म्हणाला, "वयनी, आवशीक आता काय सांगू?"

तो पाट घेऊन गेल्यावर लीलाताई नवऱ्याला म्हणाल्या, "देवाक तरी भियाचा होता." भाऊ खो खो हसले. "देवाक काय खरेदीखत वाचूक येता?" छत्तीस वर्षं ह्या माणसाचे सदरे आपण हातानं धुतले, याची लीलाताईंना अगदी मनापासून लाज वाटली.

आता घर कागदोपत्री होतं लीलाताईंच्या नावावर. बाईमाणसाच्या नावानं घेतलं की मुद्रांक शुल्कात टक्काभर सूट मिळते, त्यापायी. म्हणजे विकायलाही सही त्यांचीच. भाऊंनी विचारलं नाही, नुसतं बजावलं, "सोमवारी बरी साडी नेस गो."

सोमवारी निबंधकाच्या कचेरीत पाऊल टाकताच भाऊ शुद्ध मराठीत शिरले. "ह्या आमच्या मिसेस, जरा लवकर आटपा, साहेब पुण्याहून आलेत." पुणेकर घड्याळ बघत बसला होता. टेबलापलीकडच्या कारकून मुलीनं दस्त पुढे ओढला.

"मजकूर वाचलात ना? राजीखुशीनं विकताय?"

"हो, हो," भाऊ म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, काका. मालकांना विचारलं."

लीलाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. कचेरीत बोलायचं तसं स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "नाही. मला हे घर विकायचं नाही."

"गो, खुळावलंस काय तू?" भाऊंची शुद्ध मराठी पळाली. पुणेकर उठला, भाऊंकडे ढुंकूनही न बघता बाहेर गेला आणि गाडीत बसला. भाऊ दारापर्यंत धावले, परत आले, टेबलावर हात आपटला. मुलीनं दस्त बाजूला ठेवून पुढच्याला हाक मारली.

लीलाताईंनी तिथंच उभ्या उभ्या गणपतला फोन लावला. पाट आजच्या आज शाळेत पोचव म्हणून सांगितलं. मग नवऱ्यापुढे हात पसरला.

"चावी दिया."

भाऊंनी जुडग्यातून एक चावी सोडवायला घेतली.

"एक नको. सगळोच जुडगो दिया."

तेव्हा भाऊंना आठवलं, ती टक्काभर सूट त्यांनी पाचही घरांना घेतली होती.