मामांच्या मापाचा कुर्ता

"मॅडम, आधी दारातलं ते पुठ्ठ्याचं पोरगं उचला, मग कुर्त्याचं बोलू," रफिकभाई म्हणाले.

पुठ्ठ्याचं पोरगं म्हणजे आमची स्टँडी. दुकानाच्या दारात उभी करायची मॉडेलची आकृती. तिच्या छातीवर ओळ होती, 'फिट असाल तरच आत या.' ती मीच तिथं उभी केली होती. मी त्या ब्रँडची एरिया सेल्स मॅनेजर आणि रफिकभाई हिंगोलीतले आमचे एकुलते एक डीलर. ते गेले की जिल्हा गेला, आणि जिल्ह्यामागं माझी नोकरी.

त्यात आमच्या मार्केटिंगच्या मोठ्या साहेबांनी एका मुलाखतीत दिवे लावलेले. "पोट सुटलेल्या माणसानं आमचा कुर्ता घातला की ब्रँडची शान जाते." तो व्हिडिओ दोन दिवसांत हिंगोलीतल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

आणि नेमकं मी गेले त्या दिवशी दुकानात सेनगावचं लग्नघर बसलेलं. नवरदेव, त्याची आई आणि मामा. हळदीला सगळ्या भावकीला एकसारखे पिवळे कुर्ते घ्यायचे होते, एकूण एकतीस. मामांचा कनेरगाव नाक्यावर ढाबा, आणि माणूस ढाब्याला शोभेल असा. कंपनी ठरलेल्या मापांचा सेट पाठवते, त्यात सगळ्यात मोठं माप बेचाळीस. मामा पन्नास.

"माझं राहू द्या. मी पांढरा सदरा घालतो," मामा म्हणाले. हसून म्हणाले, पण बघत होते स्टँडीकडं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरदेवाची आई उठलीच. "मामाला न्हाई तर कोनालाच नको. मामाबिगर कसली हळद?"

मी बॉसना फोन लावला.

"पन्नास साइज आपल्या ब्रँडमध्ये बसत नाही," ते म्हणाले.

"सर, सगळी ऑर्डर जाते आहे."

"पॉलिसी आहे."

फोन ठेवला. स्टँडी उचलून गोदामात नेली आणि भिंतीकडं तोंड करून उभी केली. फार बरं वाटलं.

रफिकभाईंनी समोरच्या शबानाआपांना बोलावलं. त्या शिलाईकाम करतात. त्यांनी मामांचं माप घेतलं. "दोन कुर्ते द्या. एक उसवते, दुसऱ्याला कळ्या टाकते." कळी म्हणजे काखेखालून खाली रुंद होत जाणारी पट्टी. "आधी समद्या कुर्त्यांना असायची. माणूस जेवतो, हे शिंप्याला ठाऊक होतं."

उसवायचा कुर्ता मी माझ्या सॅम्पलमधून दिला. ऑर्डर वाचली.

हळदीचा फोटो त्याच ग्रुपांवर फिरला. मधोमध मामा, पिवळेधमक, हात वर करून नाचताना. रफिकभाईंनी तो मोठा करून स्टँडीच्या जागी लावला. लोक येऊन विचारायला लागले, "मामावाला कुर्ता हाय का?"

तिकडं त्या व्हिडिओपायी शहरातली दुकानं ओस पडलेली. बॉसचा फोन आला. "तो फोटो कॅम्पेनला हवाय. मामांना विचारा."

मी ढाब्यावर गेले. मामांनी आधी शेवभाजी वाढली.

"फोटो खुशाल घ्या, ताई. पण फोटोत मी चालतो, तर दुकानात काहून चालत न्हाई? पयले माझ्या मापाचा कुर्ता टांगा, मग मला टांगा."

मी हे वाक्य जसंच्या तसं मेल केलं. बरेच दिवस उत्तर नाही. मग पुढचा सेट आला, आणि त्यात तळाशी पन्नास मापाचे कुर्ते होते. पहिला मामांनीच नेला. घालूनच बाहेर पडले.

आता नव्या सेल्सवाल्यांना मी सांगते, दारात काही उभं करायच्या आधी त्या दारातून कोण येतं ते तासभर बघा. मोठे साहेब सध्या बुटांच्या कंपनीत आहेत म्हणे. तिथं लोकांच्या पायांबद्दल काही बोलले नाहीत म्हणजे मिळवली.