न पाठवलेला कॉल आणि रफीकभाईंची सासू

इथले भुताखेतांचे किस्से मी जेवताना वाचते. हसून ठसका लागतो, एवढाच त्यांचा उपयोग. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... अहो, मेल्यावर माणसाला एवढीच कामं उरतात का? तेव्हा पुढचं वाचून कुणी मला 'आता पटलं ना ताई' असं लिहू नये. मला काहीही पटलेलं नाही. झालं ते मला उलगडत नाही, आणि न उलगडलेली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही, म्हणून सांगते.

स्थळ बीड, नगर रोड, टायरच्या दुकानावरचा पहिला मजला. खालून तापलेल्या रबराचा वास, वर आमचं ऑफिस — दोन टेबलं, एक खडखडणारा कूलर आणि मी. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून घसा बसला, तेव्हा हे सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. जोडीला दत्ता. मूळचा आष्टीचा, चाळिशीला टेकलेला, पुण्यातल्या कंपनीत काही वर्षं काढून पोट आणि इंग्रजी शब्द असं दोन्ही घेऊन परत आलेला.

काम असं होतं. उन्हाळ्यात सिंदफणेचं पात्र कोरडं पडलं की लोक वाळूत टरबुजाच्या वाड्या लावतात आणि तिथंच खोप घालून राहतात. वर धरणातून पाणी सोडलं किंवा डोंगरात वळीव कोसळला की खालच्यांना पत्ताच नसतो. डोक्यावर ऊन रखरखतंय आणि समोरून पाणी येतंय. एका संस्थेनं आम्हाला सांगितलं, पाण्याची खबर लागली की सगळ्या वाडीवाल्यांना आपोआप फोन जाईल असं काही करा. पहिलं नाव आलं रफीकभाईंचं. त्यांचा फळांचा गाडा आमच्या जिन्यापाशीच लागतो. सकाळी गाडा, दुपारी वाडी. बायको नसरीन आणि रांगती पोरगी मोसमभर पात्रातल्या खोपीत. म्हणजे काम कुणासाठी चाललंय ते आम्हाला रोज जिना उतरताना दिसत होतं.

फोन लावणारं यंत्र आमचं नव्हतं. ती क्लाउडवरची सेवा. आपण तिला रिक्वेस्ट पाठवायची, ती नंबर फिरवते आणि आपण लिहिलेलं मराठी एका बाईच्या आवाजात वाचून दाखवते. ही रिक्वेस्ट दत्ता 'फ्लुएंट बिल्डर'नं बनवत होता. हा शब्द तो असा उच्चारायचा, जणू पुण्याहून पैठणी आणलीय. प्रकार साधा आहे. फोन कुणाला, मजकूर काय, आवाज कुठला, किती वेळा बोलायचं — एकेक गोष्ट टिंब देऊन मागच्याला जोडत जायची, माळ ओवतात तशी. शेवटी 'बिल्ड' म्हटलं की रिक्वेस्ट तयार. तयार म्हणजे गेली नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. पुढे 'सेंड' म्हणावं लागतं. तोवर नवरदेव बाशिंग बांधून बसलाय आणि घोडाच आलेला नाही.

त्या दिवशी पहिली चाचणी होती. नंबर रफीकभाईंचाच घातला. मजकूर मी लिहिणार होते, आणि मला सरळ मजकूर लिहिता येत नाही, हा जन्मजात दोष. रफीकभाई गाड्यावर उभे राहून सगळ्या नगर रोडला सांगत असतात, "मी वरच्याला भितो आन् सासूला, तिसऱ्या कुणाला न्हाई." मग मी लिहिलं — रफीकभाई, तुमच्या सासूबाई नदीच्या काठावर उभ्या आहेत. नसरीनला आणि पोरीला घेऊन आत्ताच्या आत्ता वर या.

दोनदा बोलायचं, असंही घातलं. एकदा सांगून सासू कळत नाही.

दत्तानं वाचलं, हसला, आणि सेंडच्या ओळीपुढं दोन तिरप्या रेघा मारल्या. म्हणजे ती ओळ मेली. यंत्र ती वाचतच नाही.

"हे काय?"

"मॅडम, आज अमावस्या हाय. पहिला फोन आज नगं. उद्या सकाळी पाठवू की."

"दत्ता, तो सर्व्हर परदेशात आहे. त्याला अमावस्या कुणी सांगितली?"

"त्याला न्हाई, पर रफीकभाईला तर हाय ना."

"रफीकभाई मुसलमान आहेत रे."

"नदी तर आपलीच हाय," तो म्हणाला.

क्लाउडवर घरं बांधणारा हा माणूस मोटारसायकलच्या हँडलला काळी बाहुली बांधतो. माझी त्याला सगळी विशेषणं लावून झाली, पण रेघा काही पुसल्या नाहीत. त्यानं प्रोग्राम तेवढा चालवून दाखवला. स्क्रीनवर रिक्वेस्ट उमटली, नंबर, मजकूर, आवाज, सगळं जागच्या जागी. तयार. आणि तिथंच थांबली. आम्ही लॅपटॉप मिटला आणि समोरच्या खानावळीत दुपारचं जेवायला गेलो. दोघंही. ऑफिसला कुलूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडा लागला नव्हता. आम्ही लॅपटॉप उघडतोय तोच रफीकभाई जिना चढून आले. गुडघ्यापर्यंत वाळलेला गाळ, डोळे लाल.

"मॅडम, माझी सासू काय मजाकची चीज हाय का?"

मला वाटलं दत्तानं फोडलं. हसत म्हटलं, "अजून पाठवलाच नाही तो फोन. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजे? तुमच्या मशिनीतल्या बाईनं. काल दुपारी. सासूबाई काठावर उभ्या हायेत, नसरीनला, पोरीला घिऊन आत्ताच्या आत्ता वर या. लगेच दुसऱ्यांदा तेच बोलली. 'सासू' म्हणून जरा थांबायची, मग 'बाई'. मी म्हनलं, आष्टीवरून आली का काय न सांगता. नसरीन झोपल्याली, तिला उठवलं, पोरगी उचलली, वर आलो. काठावर कुणीबी न्हाई. मी शिव्या देतोय..."

ते खुर्चीवर बसले. दत्तानं पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"शिव्या देतोय आन् आवाज आला. मला वाटलं ट्रक. लाल पानी, मॅडम. खोप गेली, बाज गेली, एक टरबूज राह्यलं न्हाई. ज्या बाजंवर पोरगी झोपली व्हती ती बाज मी जाताना पाह्यली."

पाटोद्याकडच्या डोंगरात वळीव झाला होता. धरणाचा संबंध नव्हता, कुणाची चूक नव्हती, कुणाला खबर नव्हती. बीडमध्ये तर कोरडं ठणठणीत ऊन होतं. पाठवायचं असतं तरी कुणी का पाठवलं असतं?

मी पहिला संशय दत्तावर घेतला. त्यानं गुपचूप सेंड केलं असतं तर मला केवढा आनंद झाला असता. पण तो माझ्यासमोर बसून वांग्याची भाजी हाणत होता, लॅपटॉप कुलपात होता, आणि त्या दोन रेघा सकाळीही जिथल्या तिथं होत्या. रफीकभाईंच्या फोनमध्ये कॉल दिसत होता, त्या सेवेच्याच नंबरवरून आलेला. सेवेच्या पानावर मात्र आमच्या खात्यातून आजवर एकही कॉल गेलेला नाही, असं स्वच्छ लिहिलेलं. मी त्यांना विचारलं. उत्तर आलं की अडचण येत असल्यास पुन्हा प्रयत्न करून पाहा. वा. माणूस वाचला, आता पुन्हा प्रयत्न करून बघा.

मग ज्ञानी लोक जमले. कॉलेजातले एक जुने सहकारी म्हणाले, "कॉम्प्युटरच्या कॅश मेमरीत राहिलं असेल." त्यांना कॅश म्हणजे काय ते विचारल्यावर त्यांना अचानक घरी काम आठवलं. शेजारच्या काकांनी सांगितलं, ही नदीची माया. माया असती तर टरबुजं तरी ठेवली असती. दत्ता तर लॅपटॉपला हळदकुंकू लावायला निघाला होता. मी म्हटलं, कीबोर्डमध्ये कुंकू गेलं तर तुझ्या हातानं एकेक बटन धुऊन घेईन. दोन्ही बाजूंची मला सारखीच कीव आली. एकाला न कळलेल्या शब्दात लपायचं होतं, दुसऱ्याला न दिसलेल्या देवात.

काही दिवसांनी नसरीन आली. पोरगी कडेवर. मी कधी तिच्याशी नीट बोलले नव्हते. खुर्ची दिली तर बसली नाही.

"मॅडम, फोन कुणी लावलता?"

"कुणीच नाही."

"म्हंजे?"

मी तिला सगळं सांगितलं. माळ, टिंब, बिल्ड, सेंड. लॅपटॉप फिरवून मेलेली ओळ दाखवली. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की आपोआप काही होत नसतं, आणि त्या दिवशी जीव तोडून एका बाईला पटवत होते की हे आपोआप झालंय. दत्ता मान हलवून साक्ष देत होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडं पाहिलं, आणि अगदी तश्शी हसली, जशी मी इथले किस्से वाचताना हसते.

"न लावता फोन कसा येईल मॅडम? कुणीतरी लावलाच असंल की. तुमची मजाक व्हती म्हणून तुमी घाबरून लपवायलाव. नगा सांगू. मला फक्त दुवा मागायला नाव पायजे व्हतं."

"नाव नाहीये, नसरीन. खरंच नाहीये."

"लई शिकल्याली मानसं लई खोटं बोलत्यात," ती दत्ताला म्हणाली, आणि जिना उतरून गेली. मी नाव सांगू शकले नाही. अजूनही सांगू शकत नाही.