अस्वलासाठी न काढलेला घास

यंदा जूनमध्ये लेकीकडे कॅनडाला जायचं आणि तिच्याबरोबर जंगलात तंबूत राहायचं ठरलं. तिथे काळी अस्वलं असतात म्हणे, खरीखुरी. मी तर हवेतच होते. पण लेकीने सासूबाईंसाठी अट घातली, "आजीला आधी तिकडे मस्कतला सराव द्या. जमलं तरच जंगलात, नाहीतर ती माझ्या घरी थांबेल." हे ऐकून सासूबाई पेटल्याच.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळीच अल् खुवैरच्या आमच्या घरून निघालो आणि रुस्ताक गावाच्या पुढे वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या काठावर, उंचावर तंबू ठोकला. नियम सगळ्यांना पाठ होते. खाणं तंबूत ठेवायचं नाही, गाडीत बंद करायचं. जनावर दिसलं तर पळायचं नाही, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकायचं. नवरा अस्वल होऊन गुरगुरत आला, तर सासूबाई म्हणाल्या, "आधी पोट आत घे."

मग नाश्त्याला बसलो. सासूबाईंनी सवयीने थालीपिठाचा पहिला घास काढून दगडावर ठेवला. मुक्या जनावराला दिल्याशिवाय त्या आयुष्यात जेवलेल्या नाहीत. कुठूनसं एक मोकाट गाढव आलं, घास मटकावला आणि थेट आमच्या ताटांवर चाल करून आलं. नवरा आणि मी धूम पळालो गाडीकडे. सासूबाई मात्र "हो मागे, मेल्या" असं ठणकावत पावलापावलाने मागे सरकल्या. माझ्या अंगावर काटाच आला. काय बाई आहे ही!

गाढव गेल्यावर लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि मी सगळं एका दमात सांगितलं. ती खूश झाली, पण घासाचं ऐकून म्हणाली,

"आजी, इथे असं चालणार नाही गं. अस्वलाला आपल्या खाण्याची चटक लागली की ते माणसांत येत राहतं. मग त्याला गोळी घालतात."

"माझ्या घासापायी?"

"हो."

मला वाटलं, आता सासूबाई म्हणतील, मी घरीच थांबते.

दुपारी ताटं वाढली. सासूबाईंनी पहिला घास उचलला, हात दगडाकडे गेला आणि तिथेच थांबला. डोळे भरून आले होते. मग त्यांनी हात जोडले आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला.