जयवंतीच्या सुकेळ्यांवरचा संशय

आमच्या गिरीज गावात जयवंतीच्या चेहऱ्याचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही. बाई साठीच्या पुढे गेली, नातू कॉलेजात जायला लागला, आणि गालावर सुरकुती म्हणाल तर औषधालाही नाही. मी तिची शेजारीण. वयाने तिच्याहून चांगली लहान, तरी बाजारात फुलवाला मला मावशी म्हणतो आणि तिला ताई. हे मी हसून सांगते, पण झोंबतं मला.

बरं, घरात पंख्याखाली बसणारी असती तर समजलं असतं. तिचा धंदा सगळा उन्हाचा. पाऊस सरला की वाडीतली राजेळी केळी पिकवायची, सोलायची, अंगणातल्या बांबूच्या मांडवावर चटया टाकून दिवसचे दिवस सुकवायची आणि केळीच्याच वाळल्या पानात बांधून सुकेळी म्हणून विकायची. तिची सासू कमळी हेच करायची. ती चाळिशीतच म्हातारी दिसायला लागली होती; कपाळ करपलेलं, डोळ्यांभोवती जाळं. मग हिलाच ऊन कसं लागत नाही?

ती काय काय करते ते मला तोंडपाठ आहे, कारण आमच्या मध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण आहे. सकाळी तोंडाला साबण नाही, मसुराचं पीठ दुधात कालवून. मग ऊन लागू नये म्हणून सून संपदाने आणलेली पांढरी क्रीम. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यावरून पंचा, त्यावर टोपी. नाक-डोळे तेवढे बाहेर. दुपारी तोंड धुऊन परत क्रीम. झोपताना घरचं खोबरेल. पाण्याची बाटली तर सतत हाताशी. मी हे सगळं गुपचूप महिनाभर करून पाहिलं. माझं थोबाड होतं तसंच राहिलं. तेव्हाच माझी खात्री पटली की कुठेतरी पाणी मुरतंय.

कुठे मुरतंय ते लिडियाने शोधून काढलं. लिडिया पलीकडच्या आळीतली. दर नाताळला ती जयवंतीकडून सुकेळी घेते आणि कॅनडात राहणाऱ्या मुलीला, जेनिफरला पाठवते. तिच्या शब्दावर चर्चमधल्या बाकीच्या बायकाही घेतात. तर एका संध्याकाळी तिला जयवंतीच्या दारात सातिवलीच्या कारखान्यांकडचा टेम्पो दिसला. त्यातून खोके उतरत होते.

"सातिवलीत काय काय बनतं माहितीये ना तुला?" ती मला म्हणाली. "फळंसुद्धा मशीनमध्ये सुकवतात म्हणे. ही मांडवावर चार केळी दाखवायला ठेवते, बाकी माल तिकडून आणते आणि इथे पानात बांधते. उन्हातली म्हणून आपल्या गळ्यात मारते. नाहीतर असा चेहरा राहतो का कुणाचा?"

मला ते लगेच पटलं. खरं सांगायचं तर पटून बरंही वाटलं.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर ही गोष्ट सगळीकडे झाली. जयवंतीला फोन येऊ लागले. यंदा नको गं, शुगर निघाली आहे. सगळ्यांना एकदमच शुगर! इकडे मांडवावर केळी अर्धी सुकलेली, आतल्या खोलीत घड पिकून मऊ पडत चाललेले. पिकलेलं राजेळी कुणासाठी थांबत नाही. सगळा हंगाम पाण्यात जायची वेळ आली.

जयवंती कुंपणाशी आली. "कोन काय बोललं गं माझ्याबद्दल?"

"मला काय ठाऊक?"

"तुला ठाऊक नाय असं गिरीजमध्ये काय हाय?" असं म्हणून ती आत गेली.

शेवटी संपदानेच बाहेरून सगळं ऐकून तिला सांगितलं. जयवंती तशीच तरातरा लिडियाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. आवाज माझ्या ओट्यापर्यंत येत होता. "उद्या उजाडलं की ये. दिवस मावळेपर्यंत माझ्या मांडवाशी बस. जेवन माझ्याकडं. आनि त्या कुंपनावरच्या बाईला पन घेऊन ये!"

कुंपणावरची बाई म्हणजे मी. राग आला, पण गेले.

लिडिया छत्री आणि खुर्ची घेऊनच आली. मी पाणी प्यायचं निमित्त करून आतली खोली पाहिली. खोके रिकामे होते. जयवंतीचा मुलगा प्रितेश सातिवलीत गोडाऊनला आहे, त्याने सुकेळी भरायला आणून टाकलेले, असं संपदा म्हणाली. मी बाहेर येऊन लिडियाच्या कानात सांगितलं. तिने मान उडवली. "रिकामे आहेत म्हणजे माल आधीच काढला असेल."

ऊन चढलं. जयवंती चटईवरचं एकेक केळं उचलून, बोटांनी चाचपून उलटं ठेवत होती. मध्येच एखादं बाजूला काढायची. तासाभरात माझं डोकं दुखायला लागलं. लिडिया मात्र टक लावून बसली होती. एकाएकी ती म्हणाली, "एवढी डोक्यापासून झाकून घेतलीस, मग हात का उघडे? मोजे नाहीत तुझ्याकडे?"

"मोजा चिकटतो. केळं किती सुकलं ते बोटालाच कळतं."

"मग ती क्रीम तरी लाव."

"हाताला काय लावलं का सुकेळ्याला वास धरतो. तुझी जेनिफर तिकडं बसून क्रीम खाईल काय?"

लिडिया उठली, छत्री खुर्चीवर टाकली आणि तिने जयवंतीचा हात धरून उताणा केला, मग पालथा. मीही वाकून पाहिलं. केळीच्या चिकाने बोटं काळी पडलेली, नखांच्या कडा चिरलेल्या. पंजाच्या पाठीवरची कातडी करपून सैल झालेली, तिच्यावर तपकिरी डाग. हे हात मी ओळखत होते. हे कमळीचे हात होते. इतकी वर्षं कुंपणावरून मी हिचं तोंडच बघत आले आणि सुकेळी मात्र या हातांनी दिलेली खात आले.

जयवंतीने हात सोडवून घेतला.

"तोंड माझं हाय, ते मी जपते," ती म्हणाली. "हात गिऱ्हायकांचे."

आणि पुढचं केळं उलटलं.

लिडियाने तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या बाईला म्हणाली, "तुझी शुगर राहू दे. मी स्वतः उन्हात बसून बघितलंय." मग दुसरीला, मग तिसरीला.

दिवस मावळताना चटया गुंडाळल्या गेल्या. जयवंतीने निघताना एक सुकत आलेलं केळं माझ्या हातावर ठेवलं. अजून कोमट होतं ते. मी सवयीने आधी नाकाशी नेलं. केळ्याशिवाय दुसरा कसलाही वास नव्हता.