कातडीखालचं वारं

ही हकीकत मी साठ वर्षं टाळली. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही... पण आता वय झालं. खरं काय ते लिहून ठेवायला हवं.

सन पंचावन्नच्या आसपासचं. रत्नागिरीपासून तीन कोसांवर आमचं गाव. मी शहरात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. शेजारचा गणू आंबे काढताना फांदीवरून सुटला आणि खालच्या दगडी गडग्यावर छातीवर आपटला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गळा, खांदा टम्म फुगलेला. अंगठ्याने दाबलं, तर कातडीखाली कुरकुर वाजलं — भाताच्या काड्यांचं सुकं भातेण दाबावं तसं. मी चटकन हात मागे घेतला.

सायकल हाणत डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "बरगडी फुप्फुसात घुसली असणार. कातडीखाली हवा भरतेय. आत्ताच्या आत्ता घेऊन ये."

धापा टाकत परतलो. दारात गणूची बायको, भागीवहिनी.

"भावजी, काय बोलला डाक्तर?"

"वहिनी, गणूच्या अंगात वारं शिरलंय! लगेच न्यायला हवं."

"तरी मी बोलत व्हते!" ती किंचाळली. "परवा भर दुपारचे त्या उजाड सड्यावर एकटेच निजलेवते..."

आमच्याकडे अंगात वारं शिरणं म्हणजे झपाटणं. बोलताक्षणी माझ्या ध्यानात आलं. वाडीतल्या चौघांनी गणूला झोळीत घालून उचललं आणि शहराच्या रस्त्याला न लागता भुतं उतरवणाऱ्या घाडीच्या घराकडे वळले. मी हाक मारली नाही. खरं सांगतो — ती कुरकुर बोटाला लागल्यापासून मीच मनातून टरकलो होतो.

घाडीने वारं उतरवण्यासाठी त्याला झाडूने झोडपायला सुरुवात केली. गणूचं तोंड सुजून डोळे मिटले. दुपारपर्यंत तो संपला.

तेव्हापासून माझ्या उजव्या अंगठ्यात तसंच वाजतं. तीन वेळा एक्स-रे काढले. काही नाही. डॉक्टर दाबतात तेव्हा गप्प असतं...

मागल्या वर्षी माफी मागायचीच असं ठरवून भागीवहिनीकडे गेलो. तिला आता दिसत नव्हतं. तिने माझा हात धरला, अंगठा चाचपला आणि थबकली.

"ह्यांचा गळा असाच वाजत व्हता," ती हळूच म्हणाली. "भावजी, तुमच्या बोटात ता कुठनं आला?"

ते मला आजही सांगता येत नाही. जे सांगता येत होतं, तेही जमलं नाही. "वहिनी..." म्हणालो. ती वाट बघत राहिली. मी हात सोडवून घेतला.

गणपतीआधी ती गेली. त्या दिवशी ‘वहिनी’च्या पुढचे राहिलेले शब्द एवढेच होते — डॉक्टर ‘हवा’ म्हणाले होते, वहिनी. ‘वारं’ मी म्हणालो.