सासूबाईंसाठी केलेलं फोटोंचं पुस्तक

माझ्या धाकट्या दिरांना घरात सगळे भिंगरी म्हणतात. जेवताना दोनदा उठतील, चहा उभ्यानेच पितील. लग्नाचे अल्बम बनवण्यात त्यांची हयात गेली. पण हल्ली त्यांचं चित्त अजिबात थाऱ्यावर नव्हतं, कारण सासूबाई माणसं विसरायला लागल्या होत्या. मला आणि ह्यांना अजून ओळखायच्या. धाकट्या लेकाला मात्र पाहुणा समजून पाणी द्यायला सांगायच्या.

भाऊजींनी मनावर घेतलं, आईसाठी फोटोंचं पुस्तक करायचं. रोज चाळलं की ओळख टिकेल. पुस्तक झालंही लगेच. चकचकीत जाड पानं, पानापानावर फोटोंची दाटी, चेहरे गुळगुळीत आणि सगळ्यांच्या मागे निळं आकाश.

सासूबाईंनी भराभर चाळून विचारलं, "कुणाचं लग्न होतं?"

भाऊजींचा चेहराच उतरला. "हाताला सवय, वहिनी. डाग दिसला की पुसायचा."

"अहो, नणंदबाईंच्या गालावरचा तीळही पुसलात. मलासुद्धा त्या ओळखू येईनात."

मग भाऊजींनी मूळ फोटो काढून जेवणाच्या टेबलावर मांडले. एका पानावर एकच फोटो, समोरचं पान कोरं. मागचं कपाट, दोरीवरचे कपडे, सगळं जसंच्या तसं. आधी दारात बूट काढणारे हे, मग ओट्यापाशी मी, मग कपाटाला टेकलेल्या नणंदबाई, म्हणजे बाहेरून घरात आल्यासारखा क्रम. तरी चैन नाही. लावायचं, मोडायचं, पुन्हा लावायचं.

हे वैतागले. "अरे, ताट ठेवायला तरी जागा दे."

या खेपेला सासूबाई पानापानावर थांबल्या. "हे आमचं कपाट. ह्याचं दार लागत नाही. आणि ही माझी लेक." भाऊजी येरझारा घालत होते. पुस्तक मिटून त्या त्यांना म्हणाल्या, "छान केलंत हो. तुमच्या आईला दाखवलंत का?"

भाऊजी आत गेले. सगळे फोटो त्यांनीच काढलेले, त्यामुळे पुस्तकात ते स्वतः कुठेच नव्हते. त्यांनी बाद केलेल्या फोटोंचा गठ्ठा उपसला. त्यात एक हललेला फोटो निघाला. केस मोकळे सोडून बसलेल्या सासूबाई, हात पुढे केलेला, कपाळाला आठ्या.

"वहिनी, ह्यात आई माझ्यावर चिडलीय," ते म्हणाले आणि चक्क खाली बसले.

तोच फोटो त्यांनी शेवटच्या पानावर लावला. दुसऱ्या दिवशी सासूबाई त्या पानाशी आल्या. मी मनात देवाचं नाव घेत होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग मान वर करून भाऊजींवर डोळे वटारले.

"नको म्हटलं ना रे तुला. केस तरी बांधू दे."

"नाही काढत, आई."

त्यांचा हात पान उलटायला गेला. भाऊजींनी पानाचा कोपरा धरला. त्या ओढत होत्या, भाऊजी सोडत नव्हते.

"एवढ्यात नको ना, आई. थांब जरा."